गारपिटीनं विमानतळ ठप्प झाला की काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गारपीट वीस-पंचवीस मिनिटांत उरकते आणि त्यानंतर फ्लाइट्सचा गोंधळ मात्र चार-चार दिवस चालतो. अशा वेळी लोक जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं इथं एकत्र केलीयेत. अडकलेल्या माणसाला नीट माहिती मिळाली तर त्याचा अर्धा त्रास तिथंच कमी होतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून जिथं गरज आहे तिथं जरा सविस्तर लिहिलंय.

गारा थांबल्या, ऊन पडलं, आकाश स्वच्छ आहे, तरी आमचं विमान का सुटत नाहीये?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि भांडणंही सगळ्यात जास्त यावरूनच होतात. गारा थांबल्यावर खरं काम सुरू होतं. गारपिटीच्या वेळी जेवढी विमानं उघड्यावर उभी होती त्यातल्या प्रत्येकाची तपासणी झाल्याशिवाय ते उडवता येत नाही, मग ते लांबून कितीही धडधाकट दिसू दे. वीस विमानं उभी असतील तर वीसच्या वीस तपासायची, आणि तपासणारे इंजिनिअर, टेक्निशियन, त्यांच्या शिड्या, लिफ्ट हे सगळं रोजच्या कामापुरतंच असतं, एकाच वेळी अख्खा ताफा तपासायला लागेल असा हिशोब करून कुणी माणसं ठेवत नाही. त्यामुळं काही विमानं दोन-तीन तासांत मोकळी होतात, काही दुसऱ्या दिवशी, आणि काही कित्येक आठवडे जागची हलत नाहीत.

तपासणी म्हणजे नक्की काय करतात?

पोचे शोधतात, मोजतात आणि लिहून ठेवतात. ऐकायला सोपं वाटतं, पण जवळून बघितलं की कळतं किती किचकट आहे ते. टेक्निशियन लिफ्टवर चढून पंखाच्या पुढच्या कडेपाशी जातो आणि टॉर्च समोरून न मारता पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरतो, कारण समोरून उजेड टाकला तर उथळ पोचा दिसतच नाही, तिरक्या उजेडात मात्र त्याची सावली पडते. हातमोजा काढून तळहात पत्र्यावरून फिरवतात, बोटांना खळगा लागला की भोवती खूण करायची, खोली मोजायची, लांबी-रुंदी मोजायची, शेजारच्या पोच्यापासून किती अंतर आहे, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या (खिळ्यांच्या) ओळीपासून किती लांब आहे, आतल्या बरगडीवर पडलाय की दोन बरगड्यांच्या मध्ये, हे सगळं नकाशावर मांडायचं. एकाच विमानावर असे शेकडो पोचे असू शकतात.

मग विमान बनवणाऱ्या कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये बघतात. कुठल्या जागी किती खोल पोचा चालतो त्याच्या मर्यादा त्यात ठरलेल्या असतात. मर्यादेत बसला तर नोंद करून विमान सोडतात आणि पुढं ठरावीक काळानं परत तपासतात, नाही बसला तर दुरुस्ती. मॅन्युअलमध्ये न बसणारं काही निघालं तर फोटो आणि मापं थेट बनवणाऱ्या कंपनीकडं जातात आणि तिथून उत्तर येईपर्यंत विमान उभं. इथं घाई करा म्हणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या टेक्निशियनच्या सहीवर दीडशे-दोनशे माणसं हवेत जाणार असतात.

साध्या पोच्यानं काय बिघडतं? गाडीला पोचे पडले तरी गाडी चालतेच की.

गाडीचा पत्रा हे बहुतेक नुसतं आवरण असतं, विमानाचा पत्रा स्वतः भार उचलतो. शिवाय पंखाची आणि शेपटीच्या आडव्या पंखाची पुढची कड किती गुळगुळीत आहे यावर हवा कशी वाहणार ते ठरतं, तिथं ओळीनं खळगे पडले की हवेचा प्रवाह बिघडतो, इंधन जास्त जळतं आणि कमी वेगात विमान कसं वागेल त्यावरही परिणाम होऊ शकतो. पुढची कड सरकून बाहेर येते ते स्लॅट, मागचे फ्लॅप, एलिव्हेटर हे हलणारे भाग आहेत, त्यात एखादा वाकला तर अडकायची भीती.

कॉम्पोझिटच्या, म्हणजे धाग्यांचे थर चिकटवून केलेल्या मटेरियलच्या विमानांचं दुखणं अजून वेगळं. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिटचा असतो. अॅल्युमिनियमला मार बसला की पोचा दिसतो तरी, कॉम्पोझिटमध्ये वरून काहीच न दिसता आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. म्हणून तिथं ठोकून आवाज ऐकतात, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि थर सुटलेल्या जागी बद्द, आणि शंका आली की अल्ट्रासाउंडनं बघतात.

विमानाचं नाकच का फुटतं दरवेळी? फोटोत तेच दिसतं.

नाकावरचं ते टोपण म्हणजे रेडोम. त्याच्या मागं हवामानाचा रडार असतो आणि धातूतून रडारच्या लहरी पार जात नाहीत, म्हणून रेडोम फायबरग्लाससारख्या हलक्या मटेरियलचा करावा लागतो. सगळ्यात पुढं आहे, सगळा मार समोरून येतो, आणि त्यातल्या त्यात नाजूक आहे, मग फुटणार तोच.

९ जून २०२४ ला पाल्मा दे मायोर्काहून व्हिएन्नाला जाणाऱ्या ऑस्ट्रियन एअरलाइन्सच्या ए३२० चं असंच झालं, उतरण्याच्या तयारीत असताना गारांच्या ढगात सापडलं, नाक उडालं, कॉकपिटच्या पुढच्या काचा तडकून पांढऱ्या झाल्या, पायलटनी मेडे, म्हणजे संकटात असल्याचा संदेश दिला आणि विमान व्हिएन्नात सुखरूप उतरवलं. २१ मे २०२५ ला दिल्ली-श्रीनगर इंडिगोच्या विमानाचं नाकही गारपिटीत फुटलं, आत दोनशेच्या वर माणसं होती, तेही श्रीनगरला नीट उतरलं. नाक फुटलं म्हणजे विमान पडणार असं नसतं. पण रडार जाऊ शकतो, हवेचा विरोध वाढतो, वेग दाखवणाऱ्या यंत्रणेत गडबड होऊ शकते, आणि समोरचं दिसत नसताना उतरवायचं हे त्या दोन पायलटसाठी फार मोठं काम असतं.

उभ्या विमानाला जास्त धोका की उडणाऱ्या?

त्याच गारेचा मार उडणाऱ्या विमानाला कितीतरी पट जोरात बसतो. अडीच सेंटिमीटरच्या आसपासची गार साधारण ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगानं खाली येते, पाच ते दहा सेंटिमीटरच्या गारा ७० ते ११५ च्या वेगानं. ताशी ५० नं पडणाऱ्या गारेच्या अंगावर विमानच ताशी ४५० नं गेलं तर? वेग नऊ पट झाला तर धडकेची ऊर्जा ८१ पट होते, वेगाचा वर्ग लागतो तिथं. म्हणून हवेतलं नुकसान समोरच्या बाजूला होतं, नाक, काचा, पंखाच्या कडा, इंजिनाच्या तोंडाची गोल कड.

उभ्या विमानावर मार वरून येतो, पंखाचा वरचा पत्रा, पाठ, शेपटीचे आडवे पंख. मार तुलनेनं हळू, पण विमानं मात्र एका वेळी डझनांनी सापडतात. आणि प्रवाशांच्या हालांचा विचार केला तर जमिनीवरची गारपीटच जास्त महागात पडते, कारण हवेत एक विमान बिघडतं, इथं एअरलाइनचा अख्खा आठवडा बिघडतो.

गारांनी इंजिन बंद पडू शकतं का?

पडलेली आहेत. ४ एप्रिल १९७७ ला अमेरिकेत सदर्न एअरवेजची फ्लाइट २४२, डीसी-९ विमान, प्रचंड पाऊस आणि गारांत शिरली, दोन्ही इंजिनं गेली, पायलटनी जॉर्जियातल्या न्यू होप इथं हायवेवर उतरवायचा प्रयत्न केला आणि विमानातले आणि जमिनीवरचे मिळून ७२ लोक गेले. चौकशीत इंजिनांबरोबर आणखी एक गोष्ट पुढं आली, ती म्हणजे वादळाची ताजी माहिती कंपनीच्या यंत्रणेकडून पायलटपर्यंत पोचलीच नव्हती.

२४ मे १९८८ ला टाका एअरलाइन्सच्या फ्लाइट ११० चं बोइंग ७३७-३०० न्यू ऑर्लिन्सजवळ पाऊस-गारांत सापडून दोन्ही इंजिनं बंद पडली, कॅप्टन कार्लोस दार्दानो यांनी ते एका बांधाशेजारच्या गवताच्या पट्ट्यावर उतरवलं, ४५ च्या ४५ लोक वाचले. नंतर इंजिन बदलून ते विमान तिथूनच परत उडवून नेलं हे वाचून आजही अंगावर काटा येतो. त्या घटनेनंतर इंजिनाच्या मधल्या शंकूच्या आकारात आणि पाणी-गारा आतून बाहेर फेकायच्या व्यवस्थेत बदल झाले. तरीसुद्धा १६ जानेवारी २००२ ला इंडोनेशियात गरुडा या एअरलाइनची फ्लाइट ४२१ अशाच वादळात दोन्ही इंजिनं गमावून बेंगावान सोलो नदीत उतरली, त्यात एका केबिन क्रूचा जीव गेला, बाकीचे ५९ वाचले.

आता नवीन इंजिन मंजूर होण्याआधी त्यात गारा आणि पाणी सोडून चाचणी घ्यावीच लागते, त्यामुळं पूर्वीपेक्षा खूप सुरक्षित आहे. पण वादळात शिरायचंच नाही हा नियम त्यामुळं ढिला झालेला नाही, आणि होऊ नये.

रडार असतो ना विमानात, मग पायलट गारांत शिरतातच कसे?

रडारला ओली गार चांगली दिसते, कोरडी गार फार कमी दिसते. दुसरं म्हणजे समोर जोराचा पाऊस असेल तर रडारच्या लहरी त्यातच जिरतात आणि पाठीमागं काय वाढून ठेवलंय ते दिसतच नाही, पडद्यावर मोकळी जागा वाटते आणि प्रत्यक्षात तिथंच सगळ्यात वाईट भाग असतो. तिसरं, गारा ढगाच्या खालीच पडतात असं नाही, मोठ्या ढगाच्या वरच्या पसरलेल्या भागातून बाजूला स्वच्छ हवेतसुद्धा फेकल्या जातात. म्हणूनच मोठ्या वादळापासून किमान २० नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ३७ किलोमीटर लांब राहावं असं अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं मार्गदर्शन आहे. गर्दीच्या हवाई मार्गात, चारी बाजूंनी ढग उठलेले असताना एवढी जागा मिळवणं अवघड असतं. तुमची फ्लाइट लांबून वळसा घालून उशिरा आली तर समजा की कुणीतरी बरोबर निर्णय घेतला.

गारा येणार हे आधी कळत नाही का? विमानं हँगरमध्ये का नाही ठेवत?

आज दुपारनंतर या पट्ट्यात गारपिटीची शक्यता आहे एवढं सांगता येतं. याच रनवेवर, अमुक वाजता, लिंबाएवढ्या गारा, हे कळतं फार तर अर्धा-पाऊण तास आधी, कधी तेवढंही नाही. चक्रीवादळाचं तसं नसतं, त्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी येतो म्हणून एअरलाइन्स विमानं दुसऱ्या शहरात हलवून ठेवतात.

आणि हँगर? एका ए३२० किंवा ७३७ ला जवळपास ३६ मीटर रुंदी लागते. मोठ्या विमानतळावर एका वेळी पन्नास-साठ विमानं उभी असतात आणि हँगरमध्ये आधीच दुरुस्तीला उघडलेली विमानं असतात, इंजिन काढून ठेवलेली, ती बाहेर ढकलता येत नाहीत. त्यात वीज कडकडायला लागली की ग्राउंड स्टाफला आत बोलावून घेतात, म्हणजे विमान ओढायलाही कुणी नसतं, आणि असूही नये, अॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या मोकळ्या जागेवर, डोक्यावर आडोसा नसतो आणि टेनिस बॉलएवढ्या गारेनं माणूस मरू शकतो. १४ एप्रिल १९८६ ला बांगलादेशातल्या गोपालगंजला पडलेली एक गार १ किलोच्या वर भरली होती, नोंद झालेल्यांत सगळ्यात वजनदार तीच.

विमानांचं समजलं, पण टर्मिनल का बंद करतात?

पाणी. गारांनी छतावरच्या काचा फुटतात, वॉटरप्रूफिंगचा थर फाटतो, आणि गारांचा ढीग छतावरच्या पाणी जायच्या तोंडाशी साठून ती बुजवतो, मग पाऊस तुंबतो आणि जिथून वाट मिळेल तिथून आत येतो. छताच्या पट्ट्या भिजून खाली पडतात, वायरिंगमध्ये पाणी जातं, बॅगांचे पट्टे आणि सिक्युरिटी मशीन बंद ठेवावी लागतात. बाहेर रनवेच्या कडेचे दिवे, उतरताना उंची दाखवणारे दिवे, अँटेना, बॅगा वाहणाऱ्या गाड्यांच्या काचा, सगळं तपासायचं.

५ ऑगस्ट २०२४ ला कॅनडातल्या कॅल्गरीत झालं ते याचं ठळक उदाहरण. सोमवार, सुट्टीचा दिवस, लोक लाँग वीकेंड संपवून घरी निघालेले, आणि संध्याकाळी मोठमोठ्या गारा आल्या. विमानतळाच्या डोमेस्टिक टर्मिनलचं छत गळायला लागलं, एक भाग बंद करून तिथल्या फ्लाइट्स दुसऱ्या गेटवर न्याव्या लागल्या. वेस्टजेट या तिथल्या मोठ्या एअरलाइनची १६ विमानं, म्हणजे ताफ्यातली जवळपास १० टक्के, एका फटक्यात बाजूला पडली. शहरातली घरं, गाड्या धरून विम्याचे दावे काही अब्ज कॅनेडियन डॉलरमध्ये गेले. दहातलं एक विमान गेलं तर नऊ उरतात की, असं वाटतं, पण सुट्टीच्या सीझनमध्ये उरलेली नऊही भरलेलीच असतात, रिकामी सीट आणायची कुठून?

आमच्या शहरात तर गाराच पडल्या नाहीत, मग आमची फ्लाइट का कॅन्सल?

कारण तुमचं विमान तिथून येणार होतं. एक विमान दिवसात चार-पाच, कधी सहा खेपा करतं, सकाळची पहिली खेप अडकली की पुढच्या सगळ्या शहरांतले लोक अडकतात. दुसरं कारण क्रू. पायलट आणि केबिन क्रूच्या ड्युटीचे तास कायद्यानं ठरलेले आहेत, विमान तपासून मोकळं होईपर्यंत त्यांचे तास संपतात आणि मग विमान तयार, प्रवासी तयार, पण उडवायला माणूस नाही अशी वेळ येते. थकलेल्या पायलटला उडवायला लावू नये हा नियम किती लोकांच्या जिवावर बेतून आलाय ते आठवलं की त्यावर चिडायला होत नाही.

मला पैसे, हॉटेल, भरपाई यातलं काय मिळेल?

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, रिफंड वेगळा आणि भरपाई वेगळी. रिफंड म्हणजे न झालेल्या प्रवासाचे तुमचेच पैसे. भरपाई म्हणजे त्रासाबद्दलचे वरचे पैसे. गारपीट ही एअरलाइनच्या हाताबाहेरची गोष्ट धरली जाते, म्हणून भरपाई बहुतेक ठिकाणी मिळत नाही. रिफंडचा हक्क मात्र हवामानामुळं जात नाही.

युरोपात विमान प्रवाशांच्या हक्कांचा २६१/२००४ हा नियम लागतो, त्यात अशा वेळी भरपाई नसली तरी जेवण, गरज पडली तर हॉटेल, आणि रिफंड किंवा दुसरी फ्लाइट यातलं एक द्यावंच लागतं. हवामान खराब होतं म्हणून हॉटेल देणार नाही असं तिथं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. कॅनडात एअरलाइननं ४८ तासांत दुसऱ्या फ्लाइटवर बसवलं नाही तर तुम्ही रिफंड मागू शकता. अमेरिकेत फ्लाइट कॅन्सल झाली आणि तुम्ही दिलेली पर्यायी फ्लाइट घेतली नाही तर रिफंड मिळतो, कारण काहीही असो, पण हवामानासाठी हॉटेल द्यायची सक्ती नाही. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार कॅन्सल झाल्यावर रिफंड किंवा दुसरी फ्लाइट यातलं तुम्ही निवडायचं, असाधारण परिस्थितीत भरपाई नाही.

आणि एक लक्षात ठेवा, काउंटरवर व्हाउचर पुढं केलं म्हणून ते घ्यायलाच पाहिजे असं नसतं. रोख रिफंड हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा.

तीन दिवस झाले तरी “हवामानामुळं” असंच सांगतायत, हे बरोबर आहे का?

कधी बरोबर, कधी नाही. विमान अजून दुरुस्तीत असेल आणि बदली विमान नसेल तर मूळ कारण गारपीटच आहे. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, लांबच्या शहरातून, तपासून मोकळ्या झालेल्या विमानाची फ्लाइट क्रूच्या गोंधळामुळं रद्द झाली असेल तर तिला सरसकट हवामान म्हणणं मला पटत नाही. म्हणून कॅन्सल होण्याचं कारण लेखी मागा, मेसेज किंवा ईमेलवर. नंतर तक्रार करायची झाली तर तेवढा एक कागद फार कामाला येतो.

आत्ता या क्षणी एअरपोर्टवर अडकलोय, काय करू?

रांगेत उभे राहा आणि रांगेत उभं असतानाच अॅप उघडा, फोनही लावून ठेवा, जिथं आधी नंबर लागेल तिथं. कॅन्सल झाल्याचा मेसेज यायची वाट बघू नका, तुमचं विमान सध्या कुठं आहे ते फ्लाइट ट्रॅक करणाऱ्या अॅपवर दिसतं, ते गारपीट झालेल्या विमानतळावरच उभं असेल तर तुमची फ्लाइट वेळेवर दाखवत असली तरी विश्वास ठेवू नका. जवळच्या दुसऱ्या विमानतळावरून चालेल का ते स्वतःहून विचारा, स्टाफ सहसा आपणहून सुचवत नाही. औषधं चेक-इन बॅगेत असतील तर ते आधी सांगा, लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर तेही, गर्दीत सांगायला संकोच करू नका. खाण्या-राहण्याची सगळी बिलं जपा, फोटो काढून ठेवा.

कनेक्टिंग फ्लाइट वेगळ्या तिकिटावर असेल तर दुसऱ्या एअरलाइनला लगेच कळवा. नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं धरून त्यांच्याकडचं तिकीट परतीसकट रद्द होऊ शकतं.

पार्किंगमध्ये गाडी होती, तिचं काय?

उघड्या पार्किंगमधल्या गाडीचं गारांनी झालेलं नुकसान पार्किंगवाले साधारणपणे देत नाहीत, पावतीमागं तसं छापलेलंही असतं. तुमच्या गाडीच्या विम्यात नैसर्गिक आपत्ती धरलेली असेल तर तिथून मिळतं, नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. गाडी हलवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, काच फुटली असेल तर आतल्या पाण्याचेही. शहरभर गाड्या फुटलेल्या असतात तेव्हा सर्व्हेअर यायलाच दिवस लागतात, तोपर्यंत फुटलेल्या काचेवर प्लास्टिक लावून घ्या, आत पाणी जाऊन सीट आणि वायरिंग खराब झालं तर विमा कंपनी त्यावर वाद घालते.

बॅग आधीच आत गेली आणि फ्लाइट कॅन्सल झाली, बॅग कुठं?

बहुतेक वेळा विमानतळावरच. पण बॅगांचा पट्टा बंद असेल तर ती हातात यायला एखादा दिवसही जाऊ शकतो. टॅगचा नंबर जपून ठेवा, बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर नोंद करा आणि नोंदीचा नंबर घेऊनच निघा.

तपासून सोडलेल्या विमानाच्या पंखावर पट्ट्या आणि खुणा दिसतायत, बसू का?

बसा. त्या खुणा म्हणजे तो पोचा कुणीतरी बघितलाय, मोजलाय, आणि तो मर्यादेत आहे असं सही करून लिहिलंय. चंदेरी पट्टी दिसली तर ती वेगाच्या हवेत टिकणारी अॅल्युमिनियमची खास टेप असते, पक्की दुरुस्ती होईपर्यंत किरकोळ जागी ती लावायची परवानगी असते. तरी मनात शंका असेल तर चढताना केबिन क्रूला विचारा, ते पायलटला कळवतात.